कोर्टेन की साधा एमएस? अंगणातल्या लोखंडी शेकोटीसाठी कोणता पत्रा घ्यावा

फार्महाऊसच्या अंगणात लाकडं जाळायला लोखंडी शेकोटी करून घ्यायची म्हटलं की फॅब्रिकेटर विचारतो, साधा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) पत्रा लावू की कोर्टेन? कोर्टेन महाग पडतो, आणि दोन पावसाळे झाले की दोन्ही शेकोट्या सारख्याच तपकिरी दिसतात. पण दोघांचा गंज वेगळा आणि देखभालही वेगळी. एकाला जी निगा लागते, ती दुसऱ्याला नडते.

कोर्टेन हे अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने १९३३ साली बाजारात आणलेलं मिश्र पोलाद. त्यात साधारण पाव ते अर्धा टक्का तांबं आणि थोडं क्रोमियम असतं. प्रकारानुसार निकेल आणि फॉस्फरसही घालतात. आपल्याकडे रेल्वेच्या जुन्या डब्यांना याच जातीचा पत्रा वापरत असत. गंज त्यालाही चढतो, पण हळूहळू तो थर दाट होऊन पत्र्याला घट्ट चिकटतो आणि खालच्या धातूचं गंजणं मंदावतं. एमएसचा गंज भुसभुशीत असतो. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाली उघडा पडलेला पत्रा पुन्हा गंजायला लागतो.

कोर्टेनचा हा थर पत्रा भिजला, वाळला, पुन्हा भिजला, पुन्हा वाळला असं होत राहिलं तरच बसतो, आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात. नाशिक, पुणे, नगरकडे हे सहज जमतं. महाबळेश्वरला पावसाळ्यात पत्रा आठवडेच्या आठवडे ओला राहतो, तिथे शेकोटीवर छप्पर हवंच. समुद्रकिनाऱ्यावर, म्हणजे अलिबाग, गुहागर किंवा कळंगुटला, खाऱ्या वाऱ्यातला क्लोराईड हा थर पक्का होऊच देत नाही. तिथे कोर्टेनही एमएससारखाच पापुद्रे सोडतो. किनाऱ्यालगत कोर्टेनवर खर्च करू नका. त्याच पैशात जाड एमएस घ्या आणि दरवर्षी रंगवा.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की कोर्टेनचा हा गुण फक्त पावसापुरता आहे, आगीपुढे तो चालत नाही. निखाऱ्यांखालचा पत्रा ५००-६०० अंशांपर्यंत तापतो. त्यावर काळी खपली धरते, गार होताना ती तडकून सुटते, आणि पुढच्या जाळाला पत्रा आणखी थोडा पातळ झालेला असतो. हे दोन्ही पत्र्यांत होतं. आतल्या बाजूचं आयुष्य ठरतं ते जाडीवर. १.६ मिमी पत्र्याची शेकोटी लवकर वाकडी होते. भिंतींना ३ मिमी आणि तळाला ५ मिमीपेक्षा कमी घेऊ नये. मीटरभर लांबीचा पत्रा ५०० अंशांनी तापला की सुमारे ६ मिमी वाढतो. म्हणून आतली जाळी भिंतीला वेल्ड करायची नाही. ती सुटी ठेवायची आणि चारी बाजूंनी ५-६ मिमी फट सोडायची. तिला पसरायला जागा नसेल तर पहिल्या मोठ्या जाळातच भिंत फुगते किंवा वेल्ड फाटतो. पेटत्या शेकोटीवर पाणी ओतल्यानेही पत्रा असाच वाकतो. विझवायची असेल तर कोरडी वाळू टाका.

विकत घेताना ओळखायचं कसं? दोन्हींना लोहचुंबक चिकटतं, दोन्हींचं वजन सारखं (३ मिमीचा एक चौरस मीटर पत्रा साडेतेवीस किलोच्या आसपास), आणि नवा पत्रा दोन्हींचा करडाच दिसतो. मीठ, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून एमएसला एका दुपारीत सुंदर तपकिरी रंग आणता येतो, तेव्हा रंगावर जाऊ नका. फॅब्रिकेटरकडे पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट (पत्र्यात काय काय आहे याचा कारखान्याचा दाखला) मागा आणि त्यात तांबं आणि क्रोमियमचे आकडे बघा. जुनी शेकोटी असेल तर पांढऱ्या फडक्याने बाहेरून जोरात घासा. मुरलेल्या कोर्टेनवरून थोडी भुकटी येते, एमएसवरून खपल्या निघतात.

एमएसची निगा वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. वायर ब्रशने सैल गंज काढा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, थिनरने पुसा आणि ६०० अंश सोसणाऱ्या सिलिकॉन रंगाचे दोन पातळ हात द्या. खाली रेड ऑक्साइड प्रायमर मारायची सवय इथे सोडा. तो उष्णतेने जळतो आणि वरचा रंग घेऊन सुटतो. रंग वाळल्यावर आधी अर्धा तास बारीक काटक्यांचा जाळ करा, शेकोटी पूर्ण गार होऊ द्या, मग तासभर मध्यम जाळ करा. रंग पक्का होताना धूर आणि वास येतो, तो नाकात जाऊ देऊ नका. आतून रंगवण्यात अर्थ नाही, पहिल्याच जाळात रंग जातो.

कोर्टेनला यातलं काहीच करायचं नाही. रंग, तेल किंवा वार्निश लावलं की थर बसायचाच थांबतो. ताडपत्रीत घट्ट गुंडाळली तर आत दमट राहून तो बिघडतो. पहिली दोन वर्षं मात्र तिच्यावरून लालसर पाणी ओघळतं. शहाबादी फरशीवर डाग पडला आणि तो ॲसिडने काढायला गेलात तर फरशीच खरवडली जाते, कारण शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. शेकोटी खडीवर ठेवा. बोल्ट ३०४ स्टेनलेसचे वापरा. कोर्टेनला लावलेल्या जस्ताच्या बोल्टांचं जस्त आधी खाल्लं जातं. आगीजवळ जस्ताचा मुलामा तर नकोच, कारण तापलेल्या जस्ताचा धूर घेतला की थंडी वाजून ताप येतो.

राखेच्या बाबतीत मात्र दोघांना नियम एकच. हंगामात तळाला दोन-अडीच सेंटिमीटर कोरडी राख राहू द्या, तळ कमी तापतो. पहिल्या वळवाआधी ती पूर्ण काढा. ओली राख ओलावा धरून ठेवते, तिच्यातले क्षार पत्रा खातात, आणि शेकोटीला भोक पडतं ते बहुधा इथेच. राखेत निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात, म्हणून ती झाकणाच्या लोखंडी बादलीतच भरा. तळाला १२ मिमीची तीन-चार भोकं हवीत, आणि ती सळईने मोकळी करत राहायला हवं. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड जाळू नका. त्यातलं मीठ दोन्ही पत्र्यांना खातं आणि धूरही विषारी होतो. वर्षभर वाळवलेली बाभूळ किंवा सुबाभूळ सर्वांत चांगली.

पावसाळ्यात एमएसची शेकोटी विटांवर उलटी ठेवा आणि ताडपत्री अंगाला न चिकटता वरून ताणा. कोर्टेनच्या शेकोटीची भोकं मोकळी करा आणि महाबळेश्वरसारखा सततचा पाऊस नसेल तर तिला तशीच उघड्यावर राहू द्या.