नायलॉन आणि फ्लुओरोकार्बन: युकुलेलेच्या दोन सारख्या दिसणाऱ्या तारा

युकुलेले या गिटारसारख्या, चार तारांच्या छोट्या वाद्याची पारदर्शक तार कोकणातल्या माणसाच्या हाती दिली, तर तो तिला तंगूसच, म्हणजे मासेमारीचा दोराच म्हणेल, आणि त्यात त्याचे फारसे चुकणार नाही. या वाद्याला पोलादी तारा लावायच्या नसतात. बाजारातल्या पाकिटांत बहुधा नायलॉन असते किंवा फ्लुओरोकार्बन, आणि हे दोन्ही पदार्थ मासेमारीतही वापरले जातात. फ्लुओरोकार्बनचा धागा तर जपानमधील कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये गळासाठीच तयार केला, कारण तो पाण्यात माशाला सहजी दिसत नाही. वादकांनी तो पुढे वाद्यावर चढवला. दिसायला दोन्ही तारा जवळजवळ सारख्या असल्यामुळे बोटे दुखतात म्हणून ‘मऊ’ तारा शोधणारा नवशिका गोंधळतो आणि दुकानदार जे देईल ते घेऊन येतो.

दोघींतला महत्त्वाचा फरक वजनाचा आहे. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, म्हणजे घन सेंटिमीटरला सुमारे १.१४ ग्रॅम असते. फ्लुओरोकार्बनची सुमारे १.७८. तार जितकी जड, तितका तोच स्वर मिळवण्यासाठी तिला अधिक ताण द्यावा लागतो. त्यामुळे एकाच स्वराला आणि एकाच ताणाला फ्लुओरोकार्बनची तार नायलॉनपेक्षा साधारण वीस टक्के बारीक असावी लागते: नायलॉनची ०.६५ मिलिमीटर जाडीची तार काढली, तर तिच्या जागी फ्लुओरोकार्बनची ०.५२ मिलिमीटरची तार बसते. जाडी तीच ठेवून केवळ पदार्थ बदलला, तर काय होईल ते हिशेबाने सांगता येते. सोप्रानो या लहान आकाराच्या युकुलेलेवर नटपासून (दांडीच्या टोकाची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) घोडीपर्यंतची (वाद्याच्या पोटावरचा तारांचा आधार) लांबी साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असते. त्यावर ४४० हर्ट्झच्या ए स्वराला ०.६५ मिलिमीटर नायलॉनच्या तारेवर साडेतीन किलोच्या आसपास ताण येतो, आणि तेवढ्याच जाडीच्या फ्लुओरोकार्बनवर साडेपाच किलोच्या आसपास. मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून ‘जाडी तीच आहे’ म्हणून धागा आणून चढवणाऱ्याची बोटे दुसऱ्या दिवशी का ठणकतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मग मऊ कोणती? ताण सारखा असेल, तर उत्तर बहुधा नायलॉनच्या बाजूने जाते. तार जाड असल्यामुळे तिचा दाब बोटाच्या अधिक भागावर पसरतो आणि कातडीत ती कमी रुतते. फ्लुओरोकार्बन गुळगुळीत आणि बारीक असते. एका पडद्यावरून (दांडीवरच्या आडव्या पट्टीवरून) दुसऱ्यावर बोट सरकवताना ते सुखद वाटते, पण पहिल्या आठवड्यांतल्या कोवळ्या बोटांना त्याची धार जाणवते. नाद मात्र फ्लुओरोकार्बनचा अधिक स्पष्ट आणि उजळ असतो, नायलॉनचा गोलसर. हे आवडीवर सोडावे.

कोकणात या तुलनेला आणखी एक बाजू येते, ती म्हणजे पावसाळा. नायलॉन हवेतला दमटपणा शोषून घेते, त्यामुळे ते थोडे लांबते, लवचिक होते आणि त्याचा स्वर उतरतो. फ्लुओरोकार्बन पाणी जवळजवळ शोषतच नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत जुलैमध्ये नायलॉनच्या तारा वाजवायला बसल्यावर पुन्हा पुन्हा पिळाव्या लागतात. नव्या नायलॉन तारांना स्थिरावायला तसेही बरेच दिवस लागतात, त्यात ही भर. ज्याला रोज स्वर जुळवत बसण्याचा कंटाळा आहे, त्याने बोटे थोडी निबर होईपर्यंत धीर धरून फ्लुओरोकार्बनचा हलक्या ताणाचा संच घ्यावा, असे माझे मत आहे. लहान मुलासाठी मात्र मी नायलॉनच सुचवीन, कारण बोटे दुखली की मूल वाद्य कोपऱ्यात ठेवून देते. स्वर उतरल्याची कुरकूर त्याच्या आईवडिलांनी करायची.

तारांवर ठपका ठेवण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. पावसाळ्यात वाद्याचे लाकूडही फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि त्याच तारा कडक वाटू लागतात. स्वस्त वाद्यात तर नटच्या खाचा मुळातच उथळ असतात. पहिल्या पडद्याजवळ तार दाबायला बाराव्या पडद्यापेक्षा स्पष्टपणे जास्त जोर लागत असेल, तर दोष बहुतेक त्या खाचेचा असतो आणि कुठलाही पदार्थ त्यावर उपाय ठरत नाही; जाणकाराकडून खाच किंचित खोल करून घ्यावी. नायलॉनवरून बारीक फ्लुओरोकार्बनवर येताना तार जुन्या खाचेत खोल बसते आणि दाबायला हलकी वाटते. उलट दिशेने जाताना जाड तार खाचेत अडकून वरच राहते. त्यामुळे केवळ तारा बदलल्यावर आलेला अनुभव पदार्थाचा गुण मानू नये. काहीच न बदलता आराम हवा असेल, तर चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवाव्यात. ताण सुमारे अकरा टक्के घटतो.

आता ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतो, कारण ‘फ्लुओरोकार्बन’ असे ठळक छापलेले काही गळाचे दोरे प्रत्यक्षात नायलॉनचे असून त्यांवर फ्लुओरोकार्बनचा केवळ मुलामा असतो. सारख्या जाडीचे दोन छोटे तुकडे पाण्यात पूर्ण बुडवून, त्यांना चिकटलेले बुडबुडे झटकून सोडावेत. खरे फ्लुओरोकार्बन झपाट्याने तळ गाठते, नायलॉन रेंगाळत खाली जाते. तंगूसाचे टोक काडीने जाळून पाहण्याची आपल्याकडची सवय मात्र इथे आवरावी. फ्लुओरोकार्बन जळताना हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू बाहेर पडू शकतो, आणि बंद खोलीत तो डोळ्यांना आणि घशाला त्रास देतो.