औषध होतं, पण मध्ये डोंगर होता: तैवानच्या मेनोनाइट हॉस्पिटलची गोष्ट

१९४८ साली तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर हुआलिएन भागात एक फिरता दवाखाना सुरू झाला. एक गाडी, थोडी औषधं, काही नर्सेस आणि डॉक्टर, आणि गाडी जिथे संपेल तिथून पुढे डोक्यावर पेट्या घेऊन चढायची पायवाट. ह्याच दवाखान्याचं १९५४ मध्ये हॉस्पिटल झालं, मेनोनाइट ख्रिश्चन हॉस्पिटल, आणि ते आजही तिथेच उभं आहे. मला ही गोष्ट सांगावीशी वाटते कारण वैद्यकाचा इतिहास आपण नेहमी शोधांचा इतिहास म्हणून वाचतो, अमक्याने औषध शोधलं आणि आजार गेला. पण औषध शोधलं गेल्यावर ते पेशंटच्या पोटात पोचेपर्यंत जे काही होतं त्याच्याबद्दल कुणी फार लिहीत नाही, आणि खरं तर तिथेच माणसं मरतात.

आधी जागा नीट समजून घेऊया. तैवान बेट लहान आहे पण त्याच्या मधोमध उभी पर्वतरांग आहे, तीन हजार मीटरच्या वर जाणारी दोनशेहून जास्त शिखरं, सगळ्यात उंच युशान ३९५२ मीटर. म्हणजे आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर, त्याच्या दुपटीपेक्षाही उंच. मोठी शहरं, कारखाने, बंदरं, मेडिकल कॉलेजं हे सगळं पश्चिमेला आणि उत्तरेला. पूर्वेला डोंगर आणि पॅसिफिक महासागर यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी, त्यात हुआलिएन. राजधानी तैपेईहून येणारा रस्ता समुद्राच्या कड्यावर कोरलेला, त्यावर दरडी सतत कोसळणाऱ्या, आणि तैपेईकडून येणारी रेल्वे तर हुआलिएनला जोडली गेली थेट १९८० मध्ये.

इथे राहतात आमिस, त्रुकु, बुनुन असे आदिवासी समाज. तैवानमध्ये आज असे १६ समाज सरकारी यादीत आहेत, एकूण लोकसंख्येच्या दोन-अडीच टक्के, पण हुआलिएन जिल्ह्यात मात्र चारातला एकापेक्षा जास्त माणूस आदिवासी आहे. हे लोक चिनी वंशाचे नाहीत, ते ऑस्ट्रोनेशियन. मादागास्करपासून हवाई आणि न्यूझीलंडपर्यंत जो प्रचंड भाषासमूह पसरलाय त्याचं मूळ बहुतेक संशोधक तैवानमध्येच धरतात. १८९५ ते १९४५ जपानी राज्य होतं, तेव्हा डोंगरातली बरीच गावं उठवून खाली पायथ्याला आणून बसवली, राज्य करायला सोपं जावं म्हणून. आता ह्याचा आरोग्याशी काय संबंध, तर वर थंडीत डास कमी आणि खाली उबदार दऱ्यांत मलेरियाचे डास भरपूर, त्यामुळे गावंच्या गावं अशा आजाराच्या तोंडी गेली ज्याची त्यांच्या शरीरांना सवयच नव्हती. विस्थापन झालं की आजार मागोमाग येतो, हे आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांनी पण भोगलंय.

मेनोनाइट हे ख्रिश्चनांमधले एक छोटे पंथीय, सोळाव्या शतकातल्या मेनो सिमन्सच्या नावावरून ओळखले जाणारे. शस्त्र हातात घ्यायचं नाही हा त्यांचा पक्का नियम. त्यामुळे अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती आली की मेनोनाइट मुलं त्याऐवजी दुसरी कसली तरी सेवा मागून घ्यायची, हॉस्पिटलात, शेतावर किंवा परदेशात. त्यांची मदतसंस्था, मेनोनाइट सेंट्रल कमिटी, १९२० मध्ये दक्षिण रशियातल्या दुष्काळात अडकलेल्या लोकांसाठी उभी राहिली होती. चीनमध्येही त्यांचं काम होतं, आणि तैवानमध्ये आधीपासून काम करणारे प्रेस्बिटेरियन ह्या दुसऱ्या ख्रिश्चन पंथाचे मिशनरी जेम्स डिक्सन यांनी डोंगरातल्या लोकांसाठी कुणीतरी या असं सुचवल्यावर हा फिरता दवाखाना आला.

रोलंड ब्राउन नावाचा तरुण डॉक्टर १९५३ मध्ये असाच सैन्याऐवजीची सेवा म्हणून तैवानला आला. जन्म १९२६ चा, चीनमध्येच, मिशनरी आईवडिलांच्या घरी. तो आला काही काळासाठी आणि राहिला चाळीस वर्षं. मला ह्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो, आणि हेही सांगायला हवं की हे मिशनचं काम होतं, त्यात धर्मप्रसार होताच, आणि बाहेरून येऊन कुणाची श्रद्धा बदलण्याबद्दल जे प्रश्न विचारले जातात ते इथेही विचारायलाच पाहिजेत. पण त्या काळात त्या डोंगरात डॉक्टर म्हणून चढून जाणारं दुसरं फारसं कुणी नव्हतं आणि सुरुवातीची कित्येक वर्षं आदिवासींना तिथे उपचार मोफत होते, हेही तितकंच खरं.

आता मुख्य विषयावर येतो, टीबी. फिरत्या दवाखान्याला काय जमतं? जंतांचं औषध देता येतं, डोळे आणि जखमा धुता येतात, दात काढता येतात, मलेरियाच्या गोळ्या देता येतात. एका भेटीत काम होतं. टीबी मात्र एका भेटीत संपत नाही आणि ह्याचं कारण त्या जंतूच्या स्वभावात आहे.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जंतू चांगलं खायला मिळालं तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. टीबीच्या जंतूला दुप्पट व्हायला १५ ते २० तास लागतात. अंगावर मेणासारखं जाड आवरण, वाढ सावकाश, आणि काही जंतू तर जवळजवळ झोपूनच असतात. बहुतेक अँटिबायोटिक वाढणाऱ्या जंतूला मारतात, म्हणजे पेशी नवी भिंत बांधत असते, नवी प्रथिनं बनवत असते तेव्हा घाव घालतात. जो काही करतच नाहीये त्याला मारणार कसं? म्हणून औषध महिनोन् महिने चालू ठेवावं लागतं, झोपलेला एकेक जंतू जागा होईपर्यंत वाट बघत.

दुसरी अडचण हिशोबाची. फुप्फुसात टीबीने पोखरलेल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात. त्यातल्या साधारण दहा लाखांत एकाला नुसत्या योगायोगाने आयसोनियाझिड ह्या औषधाला दाद न देणारा बदल आधीच झालेला असतो. म्हणजे दहा कोटींत असे शंभर. तुम्ही एकटं आयसोनियाझिड दिलंत की बाकीचे मरतात, पेशंटला बरं वाटतं, वजन वाढतं, खोकला थांबतो, आणि ते उरलेले शंभर निवांत वाढत बसतात आणि काही महिन्यांनी आजार परत येतो पण आता औषध लागू पडत नाही. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीचं औषध एकटं दिलं तेव्हा नेमकं हेच झालं होतं. दोन औषधं एकत्र दिली तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू दहा लाख गुणिले दहा लाखांत एक, म्हणजे लाख कोटींत एक, आणि इतके जंतू पोकळीत नसतातच. टीबीला तीन-चार गोळ्या एकदम का देतात ह्याचं उत्तर हे एवढंच गणित आहे.

पण हे गणित चालतं कधी, तर सगळ्या गोळ्या रोज आणि शेवटपर्यंत घेतल्या तर. १९५० च्या दशकात उपचार दीड-दोन वर्षांचा होता. आता विचार करा, दोन दिवस चालून खाली आलेल्या बुनुन शेतकऱ्याला तुम्ही महिन्याच्या गोळ्या देऊन परत पाठवताय, पेरणी आली, पाऊस आला, दरड पडली, आणि दुसऱ्या महिन्यात त्याला बरं वाटायला लागलं. तो परत येईल? त्याच्या जागी मी असतो तरी आलो नसतो. आणि अर्धवट उपचार हा उपचार न करण्यापेक्षा वाईट ठरू शकतो, कारण मग औषधाला न जुमानणारा टीबी घरातल्या मुलांना लागतो. म्हणून हुआलिएनच्या हॉस्पिटलला टीबीच्या पेशंटांसाठी वेगळी राहायची सोय, सॅनेटोरियम, करावंच लागलं.

ह्याच काळात मद्रासमध्ये एक जबरदस्त प्रयोग चालू होता, १९५६ ला सुरू झालेला. १९३ पेशंट घेतले, काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, चांगलं खाणं आणि विश्रांती दिली, काहींना त्यांच्या गर्दीच्या गरीब घरात ठेवून तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निकाल आला तो साऱ्या जगाला धक्का देणारा होता, घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. शुद्ध हवा, खाट, विश्रांती ह्यांच्यावर शंभर वर्षं उभी असलेली समजूत त्यातून ढासळली. मग हुआलिएनचं सॅनेटोरियम चुकीचं होतं का? मला तसं वाटत नाही. मद्रासमध्ये घरोघरी जाऊन गोळ्या मोजणारे, लघवी तपासून औषध घेतलंय का ते बघणारे लोक होते आणि घरं एका शहरात होती. डोंगरात तशी घरं गाठणं त्या वेळी अशक्य होतं, त्यामुळे खाटेचा उपयोग विश्रांतीला नव्हता, गोळी रोज हातात पडावी ह्यासाठी होता. पुढे १९६० च्या दशकाअखेर रिफाम्पिसिन हे नवं औषध आलं आणि हळूहळू उपचार सहा महिन्यांवर आला.

बाकी आजारांचं थोडक्यात. मलेरियावर १९५० च्या दशकात घरोघरी डीडीटी हे कीटकनाशक फवारलं आणि १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तैवान मलेरियामुक्त जाहीर केलं. डोंगरात गलगंड होता कारण पावसाने मातीतलं आयोडीन वाहून जातं, त्यावर १९६७ पासून सगळ्या मिठात आयोडीन घातलं गेलं. ह्या दोन्ही गोष्टी सरकारने केल्या, कुठल्या एका हॉस्पिटलने नाही, आणि जे काम सरकारच्या आकाराचं आहे ते सरकारनेच करायचं असतं. गाऊटचं, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साठून सांधे सुजण्याच्या आजाराचं, प्रमाण ह्या समाजांत आजही खूप आहे. युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकणाऱ्या एका प्रथिनाच्या, एबीसीजी२ च्या, जनुकातला छोटा बदल त्याला हातभार लावतो आणि न्यूझीलंडच्या माओरींमध्येही गाऊट जास्त आहे, त्यामुळे त्यांच्या जुन्या नात्याची आठवण होतेच.

पण रक्तगटाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मीळ रक्तगट शोधला हे आपल्याला माहीत असतं. तैवानमध्ये तैपेईच्या मॅके हॉस्पिटलच्या डॉ. मारी लिन यांना असाच एक धागा सापडला. जीपी.मर नावाचा एक रक्तगट युरोपियन लोकांत जवळजवळ नसतोच, पण आमिस लोकांत सुमारे ८८ टक्क्यांमध्ये सापडला आणि काही डोंगरी समाजांत मात्र जवळपास शून्य. आता पाश्चात्त्य कंपन्यांच्या तपासणी किटमध्ये ह्या गटाच्या पेशीच नव्हत्या, कारण त्यांच्या देशात गरज नव्हती. म्हणजे एखाद्या पेशंटच्या रक्तात ह्या गटाविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्या पेशींवर हल्ला करणारं प्रथिन, असली तरी किट सांगणार सगळं ठीक, आणि पूर्व किनाऱ्यावर दान आलेली बाटली आमिस माणसाची असण्याची शक्यता मोठी. तिथे ती अँटिबॉडी घातक ठरू शकते. त्यामुळे तैवानने आपल्या तपासणीत ह्या पेशी घातल्या. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की हा प्रकार असलेल्यांच्या लाल पेशी कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त चांगल्या हाताळतात. ज्या लोकांना कुणी मोजलंच नाही त्यांच्यासाठी बनवलेलं किट बरोबर कसं असेल, हा प्रश्न आपल्या गोंड, माडिया, कोरकू भागातल्या सिकलसेलच्या बाबतीतही तसाच लागू पडतो.

औषध, किट, इमारत सगळं असलं तरी शेवटी डॉक्टर लागतो. ब्राउन यांना तैवानमध्ये मोठा सन्मान मिळाला तेव्हा ते जे बोलले त्याचा आशय तिथे अजून सांगितला जातो, की तैवानच्या डॉक्टरांना अमेरिका जवळ वाटते आणि हुआलिएन लांब. हे वाक्य अमेरिकेत स्थायिक झालेल्या हुआंग शेंग-श्युंग ह्या न्यूरोसर्जनपर्यंत पोचलं आणि ते तिथली उत्तम चाललेली प्रॅक्टिस सोडून १९९३ मध्ये हुआलिएनला हॉस्पिटलचे प्रमुख म्हणून आले. पुढच्या वर्षी ब्राउन अमेरिकेला परतले. असं कुणी एकजण परत येतो हे फार मोठं असलं तरी ती व्यवस्था नव्हे.

व्यवस्था नंतर आली. १९८६ मध्ये बौद्ध त्सु ची संस्थेचं मोठं हॉस्पिटल हुआलिएनमध्ये उघडलं, १९९५ मध्ये सगळ्या देशाला राष्ट्रीय आरोग्य विमा मिळाला. पण विम्याचं कार्ड घेऊन जायचं कुठे, डोंगरात दवाखानाच नाही, हे लक्षात आल्यावर १९९९ पासून सरकार मोठ्या हॉस्पिटलांना पैसे देऊन त्यांचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी डोंगरातल्या गावांत पाठवायला लागलं. मेनोनाइट हॉस्पिटलही त्यात आहे, म्हणजे १९४८ चा फिरता दवाखानाच आता सरकारी बजेटमधून चालतोय म्हणा. टीबीसाठी २००६ पासून गावातलाच माणूस रोज घरी जाऊन समोर गोळी गिळायला लावतो. मद्रासमध्ये जे गल्ल्यांत होत होतं ते डोंगरात व्हायला पन्नास वर्षं गेली. टीबीचं प्रमाण तेव्हापासून उतरलंय, पण आदिवासी गावांत ते अजूनही बाकी तैवानच्या कित्येक पट आहे.