जिब्राल्टर : उतरण्याआधी एवढं वाचा
(अंदालुसिया सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

जिब्राल्टरच्या वाट्याला आपल्या सहलीत एकच दिवस येतो. माकडांसोबत फोटो काढण्यात तो सहज संपतो, आणि खरी गंमत पायाखालीच राहून जाते.

स्पेनच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेलं हे द्वीपकल्प पुरतं सात चौरस किलोमीटरही नाही. त्यातला बराचसा भाग म्हणजे 426 मीटर उंचीचा चुनखडकाचा डोंगर. उत्तरेकडे वाळूची सखल पट्टी त्याला स्पेनशी जोडते. समोर आफ्रिका. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद आहे तिथे तिची रुंदी अवघी 14 किलोमीटरच्या आसपास. भूमध्य समुद्रातून अटलांटिकमध्ये जायला जहाजांना दुसरी वाटच नाही. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला झाल्यावर विलायत-मुंबई जलमार्गही इथूनच जाऊ लागला. मेन स्ट्रीटवर सिंधी व्यापाऱ्यांची दुकानं दिसली तर नवल वाटायला नको.

1704 मध्ये इंग्रज-डच आरमाराने हे ठाणं घेतलं आणि 1713 च्या उट्रेख्ट तहाने स्पेनने ते ब्रिटनला दिलं. वाद मिटला नाही तो वाळूच्या पट्टीमुळे. तहात शहर, किल्ला, बंदर आणि तटबंदी दिली, पट्टी दिलीच नव्हती, असं स्पेन म्हणतो. नेमक्या त्याच पट्टीवर आज विमानतळ आहे. सीमेवरून शहरात चालत जाताना तुम्ही चक्क धावपट्टी ओलांडता. विमान येणार असेल तर थांबवतात. गाड्यांसाठी 2023 पासून वेगळा बोगदा आहे, पण जमत असेल तर चालतच जा.

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, वेढ्याचे बोगदे मात्र चुकवू नका. 1779 ते 1783 स्पेन आणि फ्रान्सने मिळून इथे वेढा घातला होता. उत्तरेच्या उभ्या कड्यावर तोफ चढवायची तर बाहेरून वाट नाही, म्हणून 1782 मध्ये आतून खडक फोडायला घेतला. सुरुंगाच्या धुराने जीव घुसमटू लागला तेव्हा हवेसाठी कड्याला भोक पाडलं, आणि त्यातून शत्रूची छावणी थेट माऱ्यात दिसली! लगेच तिथे तोफ बसली. त्या झरोक्यांतून आता खाली धावपट्टी दिसते. दुसऱ्या महायुद्धात बोगदे आणखी वाढले. निघालेला दगड उपसागरात टाकून धावपट्टी लांबवली. आज बोगद्यांची एकूण लांबी 50 किलोमीटरच्या वर आहे.

1967 च्या सार्वमतात ब्रिटनच्या बाजूने 12,138 मतं पडली, स्पेनच्या बाजूने 44. दोन वर्षांनी स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोने सीमा बंद केली. घरंच्या घरं विभागली गेली. माणसं कुंपणाशी उभी राहून पलीकडच्या नातेवाइकांना ओरडून ख्यालीखुशाली विचारत. पायी ये-जा 1982 मध्ये सुरू झाली, पूर्ण वाहतूक 1985 मध्ये.

पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका. व्हिसा आणि सीमेवरच्या तपासणीचे नियम बदलत असतात. निघण्याच्या आठवड्यात आमच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. माकडांना खाऊ घालणं इथे गुन्हा आहे. वेफर्सचं पाकीट पिशवीतच राहू द्या, आणि पिशवीची चेन लावलेली असू द्या.