बोगमाळोला विमानं आहेत, विनाशिका कुठे आहे?

वास्कोहून बोगमाळोकडे जाताना नौदलाच्या विमान संग्रहालयाच्या आवारात सुपर कॉन्स्टेलेशन दिसतं. सी हॅरियरही तिथेच आहे. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाचं मला फार अप्रूप वाटतं. पण विमान हिरवळीवर उभं करता येतं, विनाशिका, म्हणजे ‘डिस्ट्रॉयर’ जातीची वेगवान युद्धनौका, नाही. वेगासाठी तिची बांधणी सडपातळ आणि पत्रा पातळ. अमेरिकन खलाशी तिला पत्र्याचा डबाच म्हणत. चिलखती युद्धनौकेच्या मानाने खाऱ्या पाण्यापुढे ती लवकर हार खाते.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, ब्रिटनकडून राजपूत, रणजित आणि राणा या तीन विनाशिका आल्या. यातली राजपूत दुसऱ्या महायुद्धात ‘रॉदरहॅम’ नावाने लढली होती. १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’ पाणबुडी बुडवल्याचं श्रेय आपलं नौदल याच राजपूतला देतं. अशी नौकाही शेवटी मोडीतच गेली! जुनी विमानवाहू नौका विक्रांतही मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षं उघडी होती; २०१२ मध्ये ती धोकादायक ठरून बंद झाली, मग भंगारात विकली गेली.

गोव्याचा या नौकांशी जवळचा संबंध आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदराच्या तोंडाशी आपल्या बेतवा आणि बियास या फ्रिगेटांनी (विनाशिकेहून लहान युद्धनौकांनी) ‘अफोंसो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला निकामी केलं. बरोबर ६१ वर्षांनी, त्याच तारखेला, ‘मुरगाव’ नावाची विनाशिका नौदलात दाखल झाली. ती समुद्री चाचण्यांसाठी पहिल्यांदा निघाली १९ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे गोवामुक्तीच्या साठीच्या दिवशी.

परदेशात अशा नौका वाचल्या त्या फार कष्टाने. ब्रिटनची १९४४ ची ‘कॅव्हेलियर’ १९७२ मध्ये निवृत्त झाली. बंदरामागून बंदर बदलत ती १९९८ मध्ये चॅटमच्या सुक्या गोदीत पोचली. गोदीत पाणीच नसल्याने तळाचा पत्रा पाहता येतो, गंज खरवडता येतो, रंग देता येतो. अमेरिकेत बॅटन रूजला ‘किड’ मिसिसिपीच्या काठी पाळण्यासारख्या चौकटीवर आहे. नदी उतरली की ती त्यावर टेकते, नदी चढली की तरंगते. चढ-उतार चांगला बारा मीटरपर्यंत जातो.

आपल्या झुआरीची भरती-ओहोटी जेमतेम दोन मीटरांची. तेव्हा ‘किड’ची युक्ती इथे चालणार नाही. उद्या मुरगावला एखादी विनाशिका ठेवायचीच म्हटली, तर तिच्यासाठी आधी सुकी गोदी हवी, आणि ‘मुरगाव’ची लांबी आहे १६३ मीटर.