‘नवी प्रजाती’ म्हणजे नव्याने जन्मलेला प्राणी नव्हे

“समुद्राच्या चिखलात बिळं करणारी नवी कोळंबी सापडली, म्हणजे प्रदूषणानं प्राणी बदलायला लागले” असा मजकूर कोल्हापुरातल्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. ‘नवी’ या शब्दामुळं तसं वाटणं साहजिक आहे. पण ती नवी असते विज्ञानाच्या नोंदवहीत. चिखलात ती पूर्वापार राहतेच आहे. बिळात खोल दडल्यानं सहसा हाती लागत नाही, एवढंच.

नमुना मिळाला की सूक्ष्मदर्शकाखाली नांगीचे दात, डोळ्यांमधलं टोक, पायांवरचे केस बघतात आणि जवळच्या प्रजातींशी ताडतात. कुठंच जुळलं नाही, तरच वर्णन छापून नाव देतात आणि तो नमुना संग्रहालयात जपतात. माझ्या मते हा जपलेला नमुनाच सगळ्यात मोलाचा, कारण दुसरा अभ्यासक पुढं कधीही तो पुन्हा तपासू शकतो.

पडताळा घ्यायचा तर शास्त्रीय नावामागचं साल बघा. कोकणातून घाट चढून, सुतळीनं नांग्या बांधून आपल्या मासळी बाजारात येणाऱ्या चिखलातल्या खेकड्यांपैकी स्किला सेराटा घ्या. त्याचं साल 1775. ते वर्णन छापल्याचं साल आहे. किनाऱ्यावरची माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचा रस्सा करत आली आहेत.