कीकॅप बसतील का? आधी खालची ओळ बघा

मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कीखाली स्वतंत्र स्विच असलेला कीबोर्ड घ्यायचा म्हटलं की बोलणं स्विचच्या आवाजापासून सुरू होतं आणि रंगीत दिव्यांवर संपतं. पण पुढे त्यावर आपल्या पसंतीच्या कीकॅप, म्हणजे कीवरच्या काढता-घालता येणाऱ्या टोप्या, चढवायच्या असतील, त्यातही देवनागरी अक्षरांच्या, तर आधी बघायची ती सगळ्यात खालची ओळ. कंट्रोल, आल्ट, स्पेसबार. जळगाव, धुळे, नंदुरबारला असे कीबोर्ड हातात घेऊन पारखता येतील अशी दुकानं सहजी सापडत नाहीत, खरेदी बहुतेक वेळा फोटो बघूनच होते. त्यामुळे फोटोत नेमकं काय शोधायचं, हे ठाऊक असलेलं बरं.

कीकॅप उपटली की स्विचच्या मधोमध अधिकच्या चिन्हासारखा एक दांडा दिसतो. त्याला स्टेम म्हणतात. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात आणलेल्या एमएक्स स्विचचा हा आकार. पेटंटची मुदत सरल्यावर इतर कंपन्याही तसेच स्विच बनवू लागल्या आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या बहुतेक कीकॅप आज याच आकारासाठी घडवलेल्या असतात. टोप्रे किंवा जुन्या अल्प्स स्विचचा स्टेम वेगळा. काही चपट्या, लो-प्रोफाइल स्विचवर तर अधिकच्या चिन्हाऐवजी दोन बारीक खाचा असतात. १६ मिलिमीटरच्या ठिबक नळीला १२ मिलिमीटरचा जॉइनर चालत नाही, हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. स्टेमचंही तसंच आहे. वर्णनात ‘एमएक्स स्टेम’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारावं.

स्टेम जुळला म्हणजे सगळं जुळलं, असा मात्र अनेकांचा समज होतो आणि पैसे बहुतेक इथेच वाया जातात. खरी अडचण रुंदीची आहे.

अक्षराच्या एका कीच्या मध्यापासून शेजारच्या कीच्या मध्यापर्यंतचं अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंच असतं. या मापाला एक यू म्हणतात आणि बाकी सगळ्या की त्याच्या पटीत मोजतात. अमेरिकी मांडणीत डावी शिफ्ट २.२५ यू, उजवी २.७५ यू. खालच्या ओळीत स्पेसबार ६.२५ यू आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सात की, प्रत्येकी १.२५ यू. बेरीज केली तर १५ यू भरते. बहुतेक कीकॅप सेट हा हिशेब धरून बनतात. पण काही कंपन्या स्पेसबार ६ यू किंवा ७ यू ठेवतात, आणि तिथे सेटमधला ६.२५ यूचा स्पेसबार काही केल्या बसत नाही. कारण स्पेसबारला मधल्या स्टेमखेरीज दोन्ही टोकांना स्टॅबिलायझरचे, म्हणजे लांब की दाबताना कलू नये म्हणून दिलेले, आधार असतात. ६.२५ यूच्या स्पेसबारला त्या दोन आधारांत सुमारे १०० मिलिमीटर अंतर असतं, ७ यूला ११४च्या वर.

फोटोवरून हे ओळखायला मोजपट्टी लागत नाही. स्पेसबारच्या वरच्या ओळीतली अक्षरं बघा. स्पेसबारचं डावं टोक एक्स या कीच्या बरोबर मध्याखाली येत असेल आणि उजवं टोक कॉमाच्या कीचा पाऊण भाग ओलांडून थांबत असेल, तर तो ६.२५ यू समजावा. उजवं टोक पूर्णविरामाच्या कीखाली गेलेलं दिसलं की तो बहुधा ७ यूचा. मला ही खूण विक्रेत्याच्या लांबलचक वर्णनापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

लहान कीबोर्डांत, म्हणजे ज्यांना ६५ टक्के म्हणतात त्यांत, बाणांच्या की कोंबण्यासाठी उजवी शिफ्ट १.७५ यूपर्यंत आखडते आणि स्पेसबारच्या उजवीकडच्या की एकेक यूच्या होतात. सेटमध्ये १.७५ यूची शिफ्ट आणि एक यूचे आल्ट, कंट्रोल वेगळे दिलेले नसतील तर कीबोर्डाचा तेवढा कोपरा जुन्याच कीकॅपवर राहतो.

आता देवनागरीकडे. कीकॅप बदलल्याने उमटणारं अक्षर बदलत नाही, ते संगणकातल्या मांडणीवर ठरतं. म्हणून सेटवरची अक्षरं आपल्या मांडणीची आहेत का, ते आधी तपासावं. के या कीवर क असेल तर मांडणी बहुधा इन्स्क्रिप्ट, आणि डीवर क असेल तर रेमिंग्टन. टायपिंगच्या क्लासमधून शिकलेल्या अनेकांच्या बोटांत अजून रेमिंग्टनच बसलेली आहे. इन्स्क्रिप्ट भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या मानकात आहे. तिच्यात मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात. ‘केळी’ लिहायचं तर के, एस, मग शिफ्टसकट एन, आणि आर. एनवर ल आणि शिफ्ट दाबून ळ, म्हणजे एकाच कीकॅपवर इंग्रजी अक्षरासह तीन खुणा दाटीवाटीने बसतात. अहिराणी लिहिणाऱ्यालाही हीच अक्षरं लागतात, त्यामुळे सेट वेगळा शोधावा लागत नाही.

एक की मात्र मराठी लिहिणाऱ्याने न विसरता बघावी. एंटरच्या वर उलट्या तिरक्या रेघेची की असते. इन्स्क्रिप्टमध्ये तिच्यावर ॉ आहे, शिफ्ट दाबून ऑ. डॉक्टर, कॉलेज, ऑफिस, सगळे शब्द तिथून येतात. अमेरिकी मांडणीत ही की १.५ यूची असते. युरोपीय मांडणीत ती एक यूची होऊन उंच एंटरच्या कुशीत जाते आणि डावी शिफ्टही १.२५ यूची उरते. अगदी छोट्या, ४० टक्के म्हणवणाऱ्या कीबोर्डांत तर बऱ्याचदा ही की नसतेच. रोज मराठी लिहिणाऱ्याने तो कीबोर्ड घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

उंचीचा भाग थोडा सोपा. कीकॅपच्या उंची-उताराच्या ठरावीक घडणीला प्रोफाइल म्हणतात. चेरी, ओईएम, एसए या प्रोफाइलमध्ये प्रत्येक ओळीचा उतार वेगळा असतो, डीएसए आणि एक्सडीएमध्ये सगळ्या ओळी सारख्या. सारख्या उंचीच्या सेटमध्ये एक यूची की कुठेही लावता येते, म्हणून विचित्र मांडणीच्या कीबोर्डाला तो जास्त सोयीचा. स्विचमधला दिवा आपल्यापासून लांबच्या बाजूला असेल तर चेरी प्रोफाइलच्या काही कीकॅप आतून स्विचच्या कडेला टेकतात. दिवा आपल्याकडच्या बाजूला असलेला कीबोर्ड घेतला की ही भानगड उरत नाही.

राहिला प्रश्न प्लास्टिकचा. पाइप, ठिबक आणि चटयांच्या जळगावात साचा नि आकुंचन हे शब्द नवे नाहीत. कीकॅप मुख्यतः दोन प्लास्टिकच्या असतात, एबीएस आणि पीबीटी. एबीएस घासून लवकर गुळगुळीत, चकचकीत होतं. उन्हाळ्यात भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा तेवढ्या उष्णतेने कुठलीच कीकॅप वितळणार नाही, पण घामट, तेलकट बोटांखाली एबीएसची चकाकी लवकर जाणवते. पीबीटी जास्त चिवट. शिवाय पीबीटीवर साधारण २०० अंशांच्या उष्णतेत शाईची वाफ करून ती प्लास्टिकच्या आत मुरवता येते. एबीएस १०० अंशांच्या थोडं पुढे मऊ पडतं, त्याला हे झेपत नाही. एबीएसवर टिकाऊ अक्षर हवं तर दोन रंगांचं प्लास्टिक एकात एक ओततात, पण त्यासाठी प्रत्येक अक्षराचा वेगळा साचा लागतो. मात्रा-वेलांट्यांच्या देवनागरीला मुरवलेली शाई जास्त परवडते.

पीबीटीची खोड एकच: साच्यातून निघून थंड होताना ते दीड-दोन टक्के आकसतं, एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास. साचा त्या हिशेबाने मोठा करतातच, पण आकसणं सगळीकडे सारखं झालं नाही तर लांब स्पेसबार बाकदार होतो. सेट घरी आला की आधी स्पेसबार पोकळ बाजू खाली करून काचेवर ठेवून दोन्ही टोकं आळीपाळीने दाबावीत. तो डुगडुगला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत बदलून मागावा.