लाटा नाहीत तिथेच पोहायला का जाऊ नये? (आमच्या ग्राहकांसाठी)

बोर्ड भाड्याने घेता घेता रोज कुणी ना कुणी बोट दाखवून विचारतं, "त्या बाजूला लाटाच नाहीत, तिथे उतरू ना?" उत्तर 'नाही' असतं, आणि कारण सांगेपर्यंत मागे रांग लागलेली असते. म्हणून हा कागद. रांगेत उभ्या उभ्या वाचून होईल.

लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकत राहतात. त्या पाण्याला परतायला वाट लागते. पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्याला जिथे खाच पडलेली असते, तिथून ते एकवटून बाहेर पडतं. खाचेत पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, गुळगुळीत पट्टा. लहान मुलं घेऊन आलेली मंडळी नेमकी तीच जागा पसंत करतात. या प्रवाहाला रिप करंट म्हणतात, आम्ही आपली 'ओढ' म्हणतो.

सकाळी दुकान उघडण्याआधी आम्ही वाळकी काटकी पाण्यात टाकून बघतो. फुटणाऱ्या लाटांत टाकलेली थोड्या वेळात पायाशी येते. पट्ट्यातली शंभर अंक मोजेपर्यंत फेसाच्या पलीकडे दिसते.

"मला चांगलं पोहता येतं" हेही ऐकतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पान झानले १०० मीटर ४६.४० सेकंदांत पोहला, तो विश्वविक्रम ठरला. म्हणजे सेकंदाला २ मीटरहून थोडं जास्त. जोराची ओढ तेवढा वेग सहज गाठते. तिच्याविरुद्ध हात मारत किनाऱ्याकडे येऊ बघणारा माणूस दमतो, आणि बुडतो तो दमल्यामुळे. ओढ खाली खेचत नाही, बाहेर नेते. सापडलात तर बोर्ड सोडू नका, तरंगत राहा, हात वर करा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून फेस दिसतो तिकडे या. तिथल्या लाटा तुम्हाला आत ढकलतात. दुसरा कुणी सापडला तर मागोमाग उडी घेऊ नका. जीवरक्षकाला हाक मारा आणि तरंगणारं जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेका.

बहुतेक किनाऱ्यांवर ही ओढ ओहोटीच्या सुमारास वाढते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे "काल दहाला छान पाणी होतं" हा हिशेब आज चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा आणखी जपा. त्या दिवसाच्या वेळा आमच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या असतात. बोर्ड घ्या वा न घ्या, बघून जा.

आता तक्रारीचं. जमिनीकडून वारा सुटला की आम्ही हवेच्या गाद्या देत नाही. मागे एक गृहस्थ यावरून बरेच चिडले होते: "पाणी तळ्यासारखं आहे आणि तुम्ही धंदा बंद ठेवता?" तळ्यासारखं दिसतं ते त्या वाऱ्यामुळेच. तो काठाजवळचं पाणी सपाट करतो आणि हलकी गादी समुद्रात नेतो. एक दिवसाचं भाडं गेलेलं आम्हाला चालतं.

लाल-पिवळे बावटे लावलेले असतील तर त्या दोघांच्या मधेच पोहा, जीवरक्षकाची नजर तिथे असते. एकच लाल म्हणजे धोका. दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही, आणि त्या दिवशी आमचे बोर्डही भिंतीला टेकलेले असतात.

पहिल्यांदाच येत असाल तर अर्धा तास आधी या. बोर्ड घेणाऱ्यांना आम्ही वाळूवर उभं करून ओढ ओळखायला शिकवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. परत करताना बोर्ड बाहेरच्या नळाखाली धुवा, आणि पायाला बांधायची दोरी विसरू नका. दर आठवड्याला दोन-तीन हरवतात.